वाचक विचारतात : दोन गंधारांची कॉर्ड

ई सेव्हन शार्प नाइन, म्हणजे गिटारवाल्यांच्या तोंडची 'हेंड्रिक्स कॉर्ड' (रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरून), हिच्याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत तारांचे क्रमांक नेहमीप्रमाणे : सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गट, आणि फ्रेट म्हणजे गळ्यावर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेली घरं.

प्रश्न : माझी ई सेव्हन शार्प नाइन रेकॉर्डवर ऐकू येते तशी चरचरीत लागत नाही. साध्या ई मायनर सेव्हनसारखी उदास वाटते. बोटं तर बरोबर फ्रेटवर आहेत. गिटार बदलावी का? (एक वाचक, चिपळूण)

गिटार राहू द्या. चारांपैकी एक स्वर वाजत नाहीये, आणि तो कोणता हे तुमच्या पत्रातच आलं आहे. ई मायनर सेव्हनसारखी वाटते, याचा अर्थ जी शार्प मुका झाला आहे.

आधी मांडणी तपासून घ्या. पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला मधलं बोट : ई. चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटला तर्जनी : जी शार्प. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका : डी. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला करंगळी : जी. आता कॉर्ड धरून पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी अशा तारा एकेक करून छेडा. चौथ्या तारेवर नुसतं 'टक' होत असेल तर दोष तर्जनीचा नाही, मधल्या बोटाचा आहे. बोट आडवं पडलं की त्याचा मांसल भाग शेजारच्या बारीक तारेला टेकतो. मधलं बोट पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला आहे, म्हणजे ते टेकतं चौथ्या तारेला, तेही तर्जनीच्या पुढे, जिथून ती तार कंप पावायची नेमकी तिथेच. तर्जनी कितीही जोरात दाबली तरी उपयोग नाही.

या आकारात फक्त मधलं बोट काटेकोरपणे उभं हवं. बाकीची तीन थोडी आडवी पडली तरी चालतात. तर्जनी तिसऱ्या तारेला लागली तर काही बिघडत नाही, कारण ती तार तिच्या पुढच्या फ्रेटवर अनामिकेने दाबलेली आहे. अनामिका दुसऱ्या तारेला लागली तरी तेच. करंगळी तर थोडी आडवीच असू द्या, म्हणजे पहिली तार आपोआप बंद राहते. 'सगळी बोटं उभी ठेवा' असं सरसकट शिकवतात, त्यामुळे हात आखडतो आणि नेमकं जे बोट उभं राहायला हवं तेच पडतं.

मधलं बोट उभं राहण्यासाठी नख पूर्ण कापा, मनगट थोडं पुढे काढा आणि अंगठा गळ्याच्या मागे साधारण मधल्या बोटाच्या समोर आणा. सरावात आधी तर्जनी आणि मधलं बोट एवढीच ठेवा. पाचवी आणि चौथी तार स्वच्छ वाजली की अनामिका, शेवटी करंगळी. करंगळी फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून ठेवा. मागे राहिली तर तार झणझणते, मग माणूस जास्त दाबतो, तार बाजूला ओढली जाते आणि जी चढतो.

सहावी तार मोकळी वाजली तर ईसाठी उत्तमच, तीही ई आहे. हाच आकार दुसरीकडे नेलात तर मात्र ती बंद करावी लागते. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला नुसतं स्पर्श करेल इतकं वर सरकवा. पाचव्या तारेवर मधलं बोट ज्या स्वरावर, तीच कॉर्ड : दुसऱ्या फ्रेटला बी, तिसऱ्याला सी, पाचव्याला डी, आठव्याला एफ, दहाव्याला जी.

प्रश्न : मी गाणं शिकले आहे, गिटार येत नाही. मुलगा ही कॉर्ड वाजवतो तेव्हा मला दोन्ही गंधार एकदम ऐकू येतात. हा माझा भास आहे का? आणि नऊचा आकडा कुठून आला? (एक वाचक, सांगली)

भास नाही. ई, म्हणजे पांढरी तीन, हा षड्ज धरा. मग जी शार्प हा शुद्ध गंधार, डी हा कोमल निषाद, आणि सर्वांत वरचा जी हा तार सप्तकातला कोमल गंधार. पंचम वगळलेला आहे. पेटीवर ऐकायचं असेल तर पांढरी तीन, काळी चार, आणि पुढच्या सप्तकातल्या पांढरी दोन व पांढरी पाच अशा चार पट्ट्या एकदम दाबा. मुलाच्या गिटारमधला शुद्ध गंधार तुम्हाला किंचित चढा वाटेल. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो त्यापेक्षा गिटारचा आणि पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट, म्हणजे एका सेमीटोनच्या सातव्या हिश्श्याइतका, वर असतो. (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, काळ्या धरून.)

दोन गंधार एकमेकांना खाऊन का टाकत नाहीत, हा खरा प्रश्न. उत्तर अंतरात आहे. शुद्ध गंधार खाली आणि कोमल वरच्या सप्तकात असल्यामुळे दोघांत ११ सेमीटोन पडतात. हे अंतर तिखट आहे, पण कान ते सोसतो. दोन्ही एकाच सप्तकात आणले तर अंतर एकाच सेमीटोनचं होतं आणि नुसता कर्कशपणा उरतो. उलटं केलं, कोमल खाली आणि शुद्ध वर, तर १३ सेमीटोन होतात, तेही जास्त बोचतं. पेटीवर तिन्ही करून पाहा, मिनिटात पटेल. शिवाय शुद्ध गंधार आणि कोमल निषाद यांच्यात ६ सेमीटोनचं ताणलेलं अंतर आहे, ते कॉर्डला पुढे ढकलत राहतं.

तुम्हाला इथे जोग राग आठवला असेल, आणि तो आठवायलाच हवा. जोगात दोन्ही गंधार आहेत, पण ते पाळीपाळीने येतात : आरोहात शुद्ध, उतरताना 'ग म ग सा' करताना दुसरा ग कोमल. ही कॉर्ड त्या दोघांना एकाच क्षणी उभं करते. याहून गमतीची गोष्ट म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच स्वर म्हणजे ब्लूज गिटारवाल्यांची मायनर पेंटॅटॉनिक. त्यात शुद्ध गंधार मिळवला की जोगाच्या प्रचलित रूपाचे सगळे स्वर झाले. या कॉर्डवर सोलो घ्यायला मुलाकडे लागणारी सगळी स्वरसामग्री घरातच आहे. चलन अर्थात वेगळं. ब्लूजमध्ये कोमल गंधार स्थिर ठेवत नाहीत, तार ओढून त्याला शुद्धाच्या दिशेने पाव स्वर सरकवतात. मुलाला तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटचा जी तर्जनीने किंचित खाली, जमिनीकडे, ओढायला सांगा. पूर्ण सेमीटोनपर्यंत नेलं की त्यातली मजा गेली.

नऊचा हिशोब असा : सा पासून मोजत गेलं की तार सप्तकातला रिषभ नववा येतो. तो एक सेमीटोन चढवला की कोमल गंधाराच्याच पट्टीवर बसतो. तिसऱ्याची जागा शुद्ध गंधाराने आधीच घेतलेली असल्यामुळे वरच्याला 'चढलेला नववा' म्हणतात. हा कागदावरचा हिशोब झाला. तुमच्या कानाने दिलेलं नावच वाजवणाऱ्याला जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : ही कॉर्ड जिमी हेंड्रिक्सने शोधली ना? मित्राशी पैज लागली आहे. (एक वाचक, पुणे)

पैसे काढून ठेवा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधल्या 'ऑल ब्लूज'मध्ये ही कॉर्ड डी वर आहे, तिथून ती एक सेमीटोन वर जाऊन परत येते. रॉकमध्येसुद्धा बीटल्सच्या १९६६ सालच्या 'टॅक्समन'मध्ये डी सेव्हन शार्प नाइनचे तुटक फटके आहेत. हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' इंग्लंडमध्ये मार्च १९६७ मध्ये आलं.

तरीही कॉर्डला त्याचं नाव चिकटलं ते उगीच नाही. जॅझमध्ये ही बहुधा पाचव्या स्थानावरची कॉर्ड असते : ए मायनरला पोचण्याआधी ई सेव्हन शार्प नाइन, ताण निर्माण करायचा आणि मग सोडवायचा. 'पर्पल हेझ'च्या कडव्यात ती घराची कॉर्ड आहे. ई सेव्हन शार्प नाइन, मग जी, मग ए, आणि परत तिथेच. ताण सुटत नाही, ताणावरच मुक्काम. त्यात फझ पेडलचा, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणाऱ्या डबीचा, आवाज. मित्राला चहा पाजताना एवढं जरूर ऐकवा.

प्रश्न : क्लीन आवाजात कॉर्ड छान वाटते, डिस्टॉर्शन लावलं की नुसता चिखल. पेडल खराब आहे का? (एक वाचक, नाशिक)

पेडल बहुधा ठीक आहे, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) जास्त आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वरही तयार होतात. नुसत्या सा-प च्या पॉवर कॉर्डमध्ये ते मूळ स्वरांशी जुळणारे निघतात, म्हणून ती कितीही गेनवर भरदार लागते. इथे तसं नाही. आपले चार स्वर साधारण असे आहेत : ई १६४.८ हर्ट्झ, जी शार्प २०७.७, डी २९३.७, जी ३९२. वरच्या दोघांची वजाबाकी सुमारे ९८, तो खालचा जी आहे, निभावतो. पण डी मधून जी शार्प वजा केला तर ८६ उरतात आणि मोकळी सहावी तार ८२.४ वर वाजते आहे. या दोघांत सेकंदाला साडेतीन-चार ठोके पडतात आणि तळाशी घरघर सुरू होते. जी शार्प आणि ई यांची वजाबाकी ४३ च्या आसपास, म्हणजे नुसता गडगडाट. चिखल म्हणता तो हाच.

करायचं काय? गेन निम्म्यावर आणा. कान आधी नाराज होतील, कारण घरात एकट्याने वाजवताना जास्त गेन भारी वाटतो. बँडमध्ये उलटं असतं. अँपवरचा बेसचा नॉब उतरवा आणि ब्रिजजवळचा पिकअप निवडा. सहावी तार आणि कॉर्ड एकाच फटक्यात मारू नका : आधी सहावी तार एकटी, ती तळव्याच्या कडेने दाबून मग वरच्या चार तारा. पिकचा फटका पाचव्या तारेपासून दुसरीपर्यंतच, आखूड.

फझ फेस या पेडलच्या जातीचं फझ असेल तर गेन पेडलवर कमी करू नका, गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६-७ वर आणा. खरखर ओसरते आणि चारही स्वर सुटे होतात. सोलो आला की परत १०. ही युक्ती चालण्यासाठी फझ साखळीत सर्वांत आधी, थेट गिटारनंतर हवं. मध्ये बफर (गिटारचा सिग्नल पुढच्या पेडलपासून अलग करणारं सर्किट) असलेलं पेडल आलं, आणि ट्यूनर पेडलात तो बऱ्याचदा असतो, की व्हॉल्यूम उतरवल्याने आवाज फक्त लहान होतो, स्वच्छ होत नाही.

'पर्पल हेझ'च्या सोलोतला वरच्या सप्तकात फाटलेला आवाज रॉजर मेयरच्या ऑक्टेव्हियाचा आहे. ते किंवा तसलं कुठलंही पेडल एकेरी स्वरांसाठी ठेवा. त्यातून ही कॉर्ड काढाल तर कुठला स्वर कुठला ते ओळखूही येणार नाही.

प्रश्न : कॉलेजच्या बँडमध्ये मी ई सेव्हन शार्प नाइन वाजवतो, दुसरा गिटारिस्ट ई मेजर. वर कीबोर्ड. एकत्र आलं की बेसूर वाटतं, ट्यूनर मात्र सगळं ठीक सांगतो. (एक वाचक, कोल्हापूर)

दुसरा गिटारिस्ट ई मेजर सातव्या फ्रेटच्या बार कॉर्डने, म्हणजे एक बोट आडवं टाकून अनेक तारा दाबत, वाजवत असणार. तिथे दुसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला जी शार्प येतो, ४१५ हर्ट्झचा. तुमचा वरचा जी ३९२ चा, त्याच तारेवर, एकच फ्रेट खाली. सेकंदाला २३ ठोके, म्हणजे सरळ कर्कश खरखर. वर सांगितलेलं ११ सेमीटोनचं अंतर त्याने एकावर आणून ठेवलं आहे. त्याला ओपन ई मेजर वाजवू द्या, तिथला जी शार्प तुमच्याच सप्तकातला आहे, भांडण मिटतं. त्याहून बरं म्हणजे त्याने फक्त ई आणि बी वाजवावेत. तुमच्या आकारात पंचम नाहीच, तो त्याच्याकडून येईल.

कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने ई वाजवू नये, ते बेस गिटारचं काम आहे. उजव्या हाताने जी शार्प, डी, जी एवढे तीन पुरेत, तेही तुम्ही थांबाल तिथे. दोघांनी सतत वाजवलं तर ही कॉर्ड पाचव्या मिनिटाला कंटाळा आणते.

प्रश्न : पिंक फ्लॉइडच्या 'ब्रीद'मध्ये हीच कॉर्ड आहे असं वाचलं. पण तिथे ती मुळीच रागीट वाटत नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

हीच आहे, डी वर. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं ते गाणं. कीबोर्डवादक रिचर्ड राइटने ही जागा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकून सुचल्याचं स्वतः सांगितलं आहे.

रागीट न वाटण्याचं कारण, ती तिथे थांबत नाही. कडव्याच्या शेवटी डी सेव्हन शार्प नाइन येते, मग डी सेव्हन फ्लॅट नाइन (नववा चढवण्याऐवजी उतरवलेला), आणि मग ई मायनर. गिटारवर पाहा : पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तार चौथा, तिसरी तार पाचवा, दुसरी तार सहावा. आता बाकीची बोटं जागेवर ठेवून करंगळी दुसऱ्या तारेवर सहाव्यावरून चौथ्या फ्रेटला आणा. एफ होता तो डी शार्प झाला. तोच डी शार्प पुढे एक सेमीटोन वर चढून ई वर बसतो. एफ, डी शार्प, ई : ई च्या वरून खाली जाऊन मग ई. गायक षड्जाला असाच वळसा घालून येतो.

डी वरून ई मायनरला जाणं एरवी इतकं ओढीचं वाटत नाही. इथे वाटतं, कारण फ्लॅट नाइन कॉर्डमधून तळाचा डी काढला तर उरतात एफ शार्प, सी आणि डी शार्प. त्यात ए धरला तर ती डी शार्प डिमिनिश्ड सेव्हन होते, ई मायनरला ओढून नेणारी ठरलेली कॉर्ड. करंगळी चौथ्या फ्रेटवर नेताना अनामिका उचलली जाते ही इथली नेहमीची चूक. हात लहान असेल तर दुसऱ्या कॉर्डसाठी तर्जनीच चौथ्या तारेपासून आडवी टेकवा, चौथी आणि दुसरी तार दोन्ही तिनेच दाबल्या जातात आणि करंगळी सुटी होते.

प्रश्न : सातव्या फ्रेटचा आकार सोडून दुसरा सोपा आकार आहे का? (एक वाचक, मडगाव)

ओपन ई सेव्हन धरा आणि पहिल्या व दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका-करंगळी ठेवा. सहाही तारा वाजतात, अकूस्टिकवर सुरेख. डिस्टॉर्शनवर टाळा, स्वर फार होतात. सहाव्या तारेवर मूळ स्वर हवा असेल तर सेव्हनची बार कॉर्ड धरून करंगळी पहिल्या तारेवर बारच्या पुढे तीन फ्रेट टेकवा. एफ शार्पसाठी बार दुसऱ्या फ्रेटला, करंगळी पाचव्याला. ताण पडतो, वरच्या फ्रेटांवर कमी.

प्रश्न : 'पर्पल हेझ'च्या कडव्यात ई वरून जी वर उडी मारताना दर वेळी उशीर होतो. शिवाय हेंड्रिक्सच्या काही लाइव्ह रेकॉर्डिंगशी माझी गिटार जुळत नाही. (एक वाचक, ठाणे)

दुसऱ्याचं उत्तर आधी : स्टेजवर तो पुष्कळदा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवायचा. तुम्हीही उतरवा किंवा स्टुडिओच्या रेकॉर्डिंगबरोबर सराव करा.

उशीर अंतरामुळे होत नाही, अंगठ्यामुळे होतो. ई सेव्हन शार्प नाइनला अंगठा मागे असतो. हेंड्रिक्सच्या पद्धतीच्या जी ला तो गळ्यावरून येऊन सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबतो, त्याचंच टोक पाचवी तार बंद करतं. तर्जनी पहिल्या दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर चौथ्याला, अनामिका चौथ्या तारेवर पाचव्याला. लोक तिन्ही बोटं बसवतात आणि अंगठा शेवटी आणतात, तिथे मात्रा निघून जाते. क्रम उलटा करा : अंगठा आणि तर्जनी आधी, बाकीची मागून. पहिल्या ठोक्याला खालचा जी वाजला की वरचे स्वर क्षणभर मागे आले तरी कोणाला कळत नाही.

वेळ मिळवण्याची जागा ई च्या शेवटी आहे. शेवटच्या अर्ध्या मात्रेला कॉर्ड सोडून मोकळी सहावी तार वाजवा. ती घुमते तेवढ्यात हात तिसऱ्या फ्रेटवर पोचतो. जी वरून ए ला आकार तोच, दोन फ्रेट पुढे, बोटं न उचलता दाब सैल करून सरकायचं. मेट्रोनोम ६० वर लावा, फक्त ई-जी ही एकच अदलाबदल करा, ए नको. दहा वेळा सलग अंगठा वेळेवर पडला तर ४-५ ने वाढवा. गाणं १०८ च्या आसपास आहे. नव्वदच्या पुढे परत अडखळायला लागलात तर बोटांकडे नका पाहू, अंगठ्याला तिसऱ्या फ्रेटवर थेट उतरता येतंय का तेवढं पाहा.